दूधसागरला जायचंय? मग वाटाड्याचं ऐका!

मैत्रिणींनो, “कुठंतरी जाऊन येऊ या ना एकदा,” हे वाक्य तुमच्या घरात आजवर किती वेळा बोललं गेलंय? आणि दर वेळी ते कुठं अडलंय? मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचा गुडघा, पाहुणे, गणपती, दिवाळी... यादी तुम्हाला पाठ आहे. त्यातूनही एखादी सहल ठरलीच, तर डबे आपणच भरायचे, ओले टॉवेल आपणच पिळायचे, आणि घरी आल्यावर फोटो बघताना कुणीतरी म्हणायचं, “अगंबाई, तू एकाही फोटोत नाहीस की!”

आज मी तुम्हाला सांगणार आहे ते जरा वेगळ्या सहलीबद्दल. पायांनी चालून, भिजून, जळवा काढत, रानातून धबधब्यापर्यंत जायचं. आमच्या महिला मंडळाच्या अकराजणी अशा निघालो होतो. सगळ्यात धाकटी छत्तीस वर्षांची, सगळ्यात थोरली अठ्ठावन्न. “या वयात हे काय नवीन खूळ?” हे वाक्य अकराही घरांत उच्चारलं गेलं, हे वेगळं सांगायला नकोच!

धबधबा होता दूधसागर. पहिल्या खेपेला तो आम्हाला दिसलाच नाही. तरीही त्या दिवशी जे शिकलो, ते तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हा लेखनप्रपंच.

कुठं आहे हा दूधसागर?

गोवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर समुद्र येतो. पण गोव्याची पूर्वेकडची बाजू म्हणजे सह्याद्री आहे, आणि तिथं दाट रान आहे. बेळगावहून अनमोड घाट उतरून पणजीकडे निघालात, की पायथ्याशी मोले गाव लागतं. तिथून पाच-सहा किलोमीटरवर कुळे. मिरज-बेळगावकडून घाट उतरणारी रेल्वेही कुळ्यालाच येते. दूधसागरला जाण्याचं हे दार.

भोवतालचं सगळं रान म्हणजे भगवान महावीर अभयारण्य. १९६९ साली ते राखीव झालं, आणि त्याच्या गाभ्याला १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. सगळं मिळून क्षेत्र साधारण २४० चौरस किलोमीटर.

धबधब्याची उंची ३१० मीटर सांगतात. म्हणजे आपल्या गावातल्या चार मजली इमारती एकावर एक अशा पंचवीस तरी रचायला हव्यात! एका उडीत नाही, टप्प्याटप्प्यानं पाणी खाली येतं. कातळावर आपटून फुटतं, हवेत मिसळतं आणि पांढरंशुभ्र दिसतं. म्हणून नाव दूधसागर.

आता एक गंमत सांगते. हे पाणी खाली वाहत जातं, पुढं त्याच नदीला खांडेपार म्हणतात, आणि ती मांडवीला मिळते. त्या खांडेपारवर ओपा इथं पाणीपुरवठ्याचं केंद्र आहे. फोंडा आणि पणजीकडच्या घरांना तिथून पाणी जातं. म्हणजे पणजीची एखादी गृहिणी सकाळी नळ सोडून कुकरला पाणी घालते, त्यात दूधसागरचं रान थोडंतरी असतंच.

राजकन्या आणि दुधाचा पडदा

या धबधब्याची एक लोककथा आहे. घाटावरच्या राजवाड्यातली राजकन्या रोज रानातल्या तळ्यावर आंघोळीला यायची. आंघोळ झाली की सोन्याच्या घड्यातलं साखर घातलेलं दूध प्यायची. एके दिवशी तिच्या लक्षात आलं, की झाडाआडून एक राजपुत्र आपल्याकडे बघतोय! अंगावर पुरेसे कपडे नाहीत, करायचं काय? सख्यांनी चटकन घडा उपडा केला. दुधाची धार कड्यावरून सांडली आणि तिचा पडदा झाला. त्या आड राजकन्येनं कपडे केले. तेच दूध आजही वाहतंय म्हणतात.

ऐकायला गोड गोष्ट आहे. पण आमच्या शेजारच्या काकू काय म्हणाल्या माहीत आहे? “म्हणजे बाईनं कपडे बदलायचे कुठं, हा प्रश्न तेव्हापासूनचाच म्हणायचा!” अगदी खरं आहे. म्हणूनच, मैत्रिणींनो, सामानात एक जुनं सुती लुगडं किंवा साडी न विसरता घ्या. दोघींनी दोन टोकं धरली की झाला पडदा. शिवाय ती अंग पुसायला चालते, थंडी वाजली तर पांघरायला चालते, आणि कुणाचा पाय मुरगळला तर फाडून बांधायलाही होते.

मसाल्याच्या डब्यातलं रान

आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो. वनखात्याच्या परवानगीनं, आणि कुळ्याचाच एक वाटाड्या बरोबर घेऊन. माणूस पन्नाशी ओलांडलेला, कमरेला आकडीत कोयता, खांद्यावर दोराचं वेटोळं. बोलणं निम्मं कोकणी, निम्मं मराठी. आम्हा सगळ्यांना तो सरसकट ‘वयनी’ म्हणायचा, म्हणजे आपली वहिनी.

निघण्याआधी त्यानं नियम सांगितले. ओळीनं चालायचं. सगळ्यात पुढं तो, सगळ्यात मागं त्याचा पुतण्या. मधल्या कुणीही ओळ सोडायची नाही. आडोशाला जायचं असेल तर सांगून, दोघींनी मिळून जायचं. दर अर्ध्या तासानं तो माणसं मोजणार. “आम्ही काय शाळेतल्या पोरी आहोत का?” असं एकजण पुटपुटली. पण मोजणी झाली की आम्ही सगळ्याच शाळेतल्यासारख्या “हजर!” म्हणायला लागलो.

कुळ्यापासून धबधब्याच्या पायथ्यापर्यंत जंगलातून साधारण अकरा-बारा किलोमीटरची वाट आहे. सुरुवातीचं रान मोकळं, उन्हाळ्यात पानं गाळणारं. माट्टी, किंदळ, नाणा अशी उंच झाडं. माट्टी म्हणजे आपला ऐन. गोव्याचा तो राज्यवृक्ष. पुढं दऱ्या अरुंद होत जातात, ओल वाढते, आणि कधीच उघडं न पडणारं सदाहरित रान सुरू होतं. यालाच इंग्रजी शिकलेली मुलं ‘रेनफॉरेस्ट’ म्हणतात. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि इथं रिते होतात. झाडांचे मजले असतात. सगळ्यात वर आभाळाला भिडलेले शेंडे, त्यांच्याखाली मधली झाडं, मग झुडपं, आणि तळाशी काळोखातला ओला पाचोळा. वरून धो-धो कोसळणारा पाऊस या मजल्यांवरून उतरता उतरता मऊ होतो. पाचोळा तो पितो, मुळं तो धरतात, आणि मग महिनोन् महिने थोडा थोडा ओढ्यांना देतात. रान तोडलं की हाच पाऊस माती घेऊन एका दिवसात निघून जातो.

याच रानातून रेल्वेचा दुसरा रूळ टाकायच्या योजनेला २०२० साली गोव्यात मोठा विरोध झाला होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या कामाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. झाडं तोडण्याच्या गोष्टी आपल्याला लांबच्या वाटतात. पण ओप्याचं पाणी आठवा, म्हणजे लांबच्या वाटणार नाहीत.

एक सांगू? आपल्याला रानातलं काही कळत नाही, असं मला घरून निघताना वाटत होतं. तसं नाही हो! एका झाडावर चढलेला वेल दाखवून वाटाड्यानं विचारलं, “हें कितें?” आमच्यातल्या एकीनं पान चुरगळून वास घेतला आणि म्हणाली, “मिरी!” रानातली मिरी. पुढं एका झाडाचं पान हातात दिलं, तर दालचिनीचा वास. रानजायफळाची झाडं होती. त्यांच्यापैकीच एकाच्या बीवरचं तांबडं साल म्हणजे आपल्या मसाल्यातली रामपत्री. भिरंडाचं झाड होतं, ज्याची आपण आमसुलं करतो. आपला मसाल्याचा डबा म्हणजे याच डोंगरांची लेकरं. वाटाड्या बघतच राहिला. म्हणाला, पुरुष मंडळी येतात ती ‘धबधबा किती लांब’ एवढंच विचारतात.

रानजायफळाचं बी रानभर पसरवण्याचं काम धनेश पक्षी करतो. त्याच्या संसाराची गोष्ट तर ऐकण्यासारखी. विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि दार लिंपून घेते, चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवून. आत अंडी, मग पिल्लं. तेवढे सगळे आठवडे नर बाहेरून फळं आणून भरवतो. बाळंतपणात घरचं सगळं नवऱ्यानं बघितल्याचं उदाहरण निदान पक्ष्यांत तरी आहे, असं म्हणून आम्ही पोटभर हसून घेतलं.

आम्ही परत फिरलो

सकाळी सातला निघालो होतो. वाटेतला पहिला व्हाळ, म्हणजे ओढा, घोट्यापर्यंत होता. मजेत पार झालो. दहाच्या सुमारास दुसरा लागला. पाणी गुडघ्याच्या खाली, स्वच्छ, तळचे गोटे दिसत होते. पाऊस तर भुरभुर, नसल्यासारखा. पलीकडच्या काठावर वाट दिसत होती, आणि दूरवरून धबधब्याचा आवाज येतोय असं आम्हाला वाटायला लागलं होतं.

वाटाड्या थांबला. त्यानं घाटमाथ्याकडे बघितलं. तिकडे काळंकुट्ट झालं होतं. मग त्यानं एक नारळाएवढा दगड उचलून पाण्याच्या अगदी काठाला ठेवला आणि म्हणाला, “बसा वयनी, च्या घ्या.”

आम्ही थर्मास काढले. पंधरा मिनिटं गेली असतील. दगडाकडे बघितलं, तर तो अर्धा पाण्यात! पाणी चहासारखं गढूळ झालं होतं आणि त्यावरून पानं, वाळक्या काटक्या वाहत येत होत्या. आमच्या डोक्यावर अजूनही भुरभूरच.

“उदक वाडटा,” तो म्हणाला. पाणी वाढतंय. “फाटीं वचूंया.” परत जाऊ या.

आता खरं सांगते, लपवत नाही. आम्ही भांडलो. महिनाभर चालण्याचा सराव केलेला, घरोघरी परवानग्या मिळवलेल्या, कुणी दोन दिवसांचा स्वयंपाक करून ठेवून आलेली. आणि आता समोर दिसणारा ओढा ओलांडायचा नाही? “अजून गुडघाभरसुद्धा नाही हो भाऊ!” “पटकन जाऊ.” शेवटी आमच्या अध्यक्षीणबाई जरा चढ्या आवाजात म्हणाल्या, “आम्ही पैसे भरलेत.”

तो चिडला नाही. म्हणाला, “पयशे उदकांत वचनात वयनी, मनीस वता.” पैसे पाण्यात जात नाहीत, माणूस जातं. आणि मग त्यानं जे सांगितलं ते मी आयुष्यभर विसरणार नाही. “हा व्हाळ तुम्ही आत्ता पार कराल. मलाही ठाऊक आहे. पण दोन वाजता परत यायचंय. आणि मागं अजून एक व्हाळ आहे, तो तुम्ही विसरलात.”

खरंच विसरलो होतो! सकाळचा घोटाभर ओढा कुणाच्या ध्यानातही नव्हता. आम्ही पुढचं पाणी बघत होतो. तो मागचं बघत होता.

माघारी आलो तर त्या घोटाभर ओढ्याचं पाणी गुडघ्याला लागत होतं, आणि ओढ इतकी, की पाय उचलला की बाजूला पडत होता. वाटाड्यानं दोर दोन झाडांना बांधला. पाठीवरच्या पिशव्यांचे कमरेचे पट्टे सोडायला लावले, म्हणजे तोल गेलाच तर पिशवी टाकता येईल. तोंड वरच्या अंगाला, पाय सरकवत सरकवत, एकेकीनं. माझी जाऊ माझ्या पुढं होती. तिचा हात दोरावर इतका घट्ट होता, की पलीकडे गेल्यावर तिला बोटं उघडायला वेळ लागला. अकराजणी पार झालो. त्यानं मोजलं. या वेळी “हजर” म्हणताना कुणी हसलं नाही.

घरी आल्यावर ‘ह्यां’नी विचारलं, “काय, पाहिला का धबधबा?” मी म्हटलं, “नाही.” झालं! घरभर हशा. “मग चोवीस तास गेलात कुठं?” मला रडू येणार होतं. तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, “घरी आली ना ती? मग झालं.” त्यांचं बालपण कोकणातल्या नदीकाठचं. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही.

रूळ म्हणजे वाट नव्हे

ही गोष्ट एवढ्या विस्तारानं सांगितली, कारण पावसाळ्यात धबधब्यांवरच्या अपघातांच्या बातम्या आपण दर वर्षी वाचतो. २०२३ च्या जुलैत सांगे तालुक्यातल्या मैनापीच्या धबधब्यावर दोघं बुडाले. त्यानंतर गोव्याच्या वनखात्यानं अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायलाच बंदी घातली होती. नियम वरचेवर बदलतात. म्हणून निघण्याआधी वनखात्याकडे चौकशी करा. बंदी असेल तर ‘कुणीतरी चोरवाटेनं नेतो म्हणालं’ याला भुलू नका.

दुसरी चोरवाट म्हणजे रेल्वेचा रूळ. धबधब्याच्या मधल्या टप्प्यावरून रेल्वेचा पूल जातो. पोर्तुगिजांच्या काळात एका इंग्रजी कंपनीनं हा घाटातला मार्ग बांधला. १८८८ मध्ये तो पुरा झाला. पुलाच्या आधी-नंतर बोगदे, वळणं, एका बाजूला दरी, आणि पावसात गाडीचा आवाज ऐकू येत नाही. तरी लोक रुळावरून चालत जातात. २०२३ च्या जुलैत रेल्वेनं अशा शेकडो तरुणांना अडवलं आणि काहींना उठाबशा काढायला लावल्या, तेही आपण वाचलं. रुळावरून चालणं हा गुन्हा आहे. आपली मुलं कॉलेजच्या मित्रांबरोबर ‘दूधसागरला जातोय’ म्हणाली, तर ‘कुठल्या वाटेनं?’ हा प्रश्न आईनं विचारलाच पाहिजे.

मग चांगला वाटाड्या ओळखायचा कसा? त्याला तीन प्रश्न विचारा. परत किती वाजता येणार? पाणी वाढलं तर कुठून माघारी फिरणार? तुमच्याबरोबर मागं चालणारा दुसरा माणूस कोण? जो या तिन्हींची उत्तरं चटकन देईल, तो खरा. जो “काही होत नाही हो, मी आहे ना!” म्हणेल, त्याला लांबूनच नमस्कार करा.

ऑक्टोबरातली दुसरी खेप

आम्ही पुन्हा गेलो, ऑक्टोबरात. अकरापैकी आठजणी. पहिल्यांदा जाणाऱ्या मैत्रिणींना मी हाच काळ सुचवीन. पाऊस सरलेला असतो, ओढे निवळलेले असतात, रान अजून ओलं असतं आणि धबधब्याला भरपूर पाणी असतं. एप्रिल-मेपर्यंत तो अगदी बारीक होतो. पाऊस संपला की कुळ्याहून जीप सुरू होतात. त्या ओढ्यांतून, खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करत रानातून नेतात आणि साधारण शेवटचा एक किलोमीटर चालायला सोडतात. जाऊन-येऊन बावीस-चोवीस किलोमीटर चालणं सगळ्यांना झेपेलच असं नाही, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

तोच वाटाड्या बरोबर होता. आमचा ऑगस्टातला ओढा वाटेत लागला. त्यानं नुसतं बोट दाखवलं. जीपमध्ये कुणी काही बोललं नाही.

शेवटची वाट मोठमोठ्या गोट्यांवरून जाते. हात टेकत, बसत, सरकत. आणि मग झाडी एकदम बाजूला होते. मान वर करावी लागते, आणखी वर, आणखी वर. पांढरं पाणी एवढ्या उंचावरून येतंय, की ते पडतंय असं वाटतच नाही, सावकाश उतरतंय असं वाटतं. तुषार तोंडावर येतात. आणि आमचं नशीब असं, की नेमकी त्याच वेळी वरच्या पुलावरून गाडी गेली. धबधब्याच्या मधोमध, मुलांच्या खेळण्यातल्यासारखी. आपण त्या गाडीतून कितीदा गेलो असू, पण खाली एवढं असेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

खाली डोह आहे. पाण्यात उतरायचं तर तरंगणारं जाकीट घालणं सक्तीचं आहे, आणि तसं ते हवंच. आमच्या अठ्ठावन्न वर्षांच्या काकूंनी जाकीट घातलं, जुन्या साडीच्या पडद्याआड सलवार-कमीज चढवली आणि काठाकाठानं पाण्यात उतरल्या. लहानपणी माहेरच्या विहिरीत पोहायच्या, लग्नानंतर कधी नाही. म्हणजे सदतीस वर्षं नाही. पाठीवर पडून त्या वर बघत राहिल्या. आम्ही हाका मारल्या, तरी दहा मिनिटं बाहेर आल्या नाहीत.

तोवर माकडांनी आमच्या दशम्यांचा डबा पळवला होता, ही गोष्ट वेगळी!

तयारी अशी करा

*पायांची तयारी :* निदान महिनाभर आधीपासून रोज पाऊण तास चाला. लिफ्ट सोडा, जिने चढा आणि मुख्य म्हणजे उतरा. गुडघ्याची खरी परीक्षा उतरताना होते. हातात काठी घ्या. रक्तदाब, मधुमेह, दमा असेल तर डॉक्टरांना विचारूनच ठरवा. औषधं प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून स्वतःजवळ ठेवा. मधुमेह असणाऱ्यांनी खडीसाखर खिशात ठेवावी.

*कपडे :* साडी नको, जीन्सही नको. भिजली की ती पायाला मणभर ओझं होते. पटकन वाळणारी सलवार किंवा ट्रॅकपँट, पूर्ण बाह्यांचा कुडता आणि ओढणीऐवजी रुमाल. चपला नकोत. रबरी तळव्याचे, खाचा असलेले बूट, आणि तेही नवे कोरे नकोत, आठवडाभर घरात घालून मऊ केलेले. दागिने घरीच ठेवा. मंगळसूत्र काढायचं नसेल तर कुडत्याच्या आत घाला, फांदीत अडकायला नको.

*जळवा :* ओल्या रानात जळवा असणारच. लांब मोजे सलवारीवरून ओढून घ्या. जळू चिकटली तर घाबरून खेचू नका. तिच्या तोंडाच्या बाजूनं नख सरकवा, ती सुटते. चावताना दुखत नाही, कारण तिच्या लाळेत बधिर करणारं द्रव्य असतं. आणि रक्त न गोठू देणारंही असतं, म्हणून ती सुटल्यावर रक्त बराच वेळ येत राहतं. जखम धुऊन स्वच्छ कापडानं दाबून धरा, थांबतं. नंतर खाज येते, पण खाजवू नका.

*पाळीचे दिवस :* तारीख जवळ आली म्हणून गोळ्या घेऊन पाळी पुढं ढकलू नका. सामान बरोबर ठेवा आणि वापरलेलं कागदात, मग पिशवीत गुंडाळून घरी परत आणा. रानात टाकू नका, पुरूही नका, जनावरं उकरतात.

*शिदोरी :* दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ-दाणे, खजूर. लिंबू-साखर-मीठ एका डबीत कालवून न्या, बाटलीतल्या पाण्यात घातलं की सरबत. डबा पिशवीच्या आत असू द्या आणि माकडांसमोर उघडू नका. त्यांना खायला घालूही नका. प्लॅस्टिकचा कपटासुद्धा मागं ठेवायचा नाही.

*पाण्याशी वागणं :* गुडघ्यावर पाणी असेल तर ओलांडायचं नाही. पाण्याचा रंग बदलला, पाचोळा-काटक्या वाहून यायला लागल्या, किंवा आवाज वाढला, की फोटो, डबा, चप्पल सगळं टाकून आधी उंचावर जायचं. तुमच्या डोक्यावर पाऊस नसला तरी घाटावर असू शकतो. रानात मोबाईल लागत नाही, तेव्हा ‘फोन करून मदत मागू’ या भरवशावर राहू नका. घरी निघण्याआधीच परतायची वेळ आणि वाटाड्याचं नाव लिहून ठेवा.

आणि शेवटची तयारी घरातली. तुम्ही नसताना एक दिवस वरणभाताचा कुकर लावायला ‘ह्यां’ना नाही तर मुलांना आधीच शिकवून ठेवा. आमच्याकडे पहिल्या खेपेला कुकरमध्ये पाणीच घातलं नव्हतं. दुसऱ्या खेपेला भात जरा आसट झाला, पण झाला! आता माझी जाऊ विचारतेय, पुढच्या ऑक्टोबरात कुठं? वाटाड्याला विचारून कळवते म्हटलं.